नवी आवृत्ती कोणाच्या सोयीने?

सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल आठवतात. पण ठरल्या वेळी नवी आवृत्ती काढण्याचे शंभर वर्षांहून जुने कामही याच गावात चालते. दाते पंचांग शके १८३८ पासून निघते आहे. गणित अडले किंवा छपाई रखडली म्हणून पाडवा पुढे ढकलता येत नाही. सॉफ्टवेअर कंपन्या सुधारणेची वेळ कशी ठरवतात, हे समजून घ्यायला हे उदाहरण मला जवळचे वाटते.

कंपन्यांपुढे मुळात दोन वाटा असतात. उबुंटू ही संगणकप्रणाली दर एप्रिल-ऑक्टोबरला येते. जे तोवर झाले नाही ते पुढच्या खेपेला. डेबियन ही दुसरी प्रणाली मात्र तयार झाल्याशिवाय येत नाही. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या ऑक्टोबरपासून सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी महिन्याचा दुसरा मंगळवार धरला. सोमवार आधीचे तुंबलेले काम निस्तरायला जातो, आणि मंगळवारी काही बिघडले तर शनिवारच्या आत सावरता येते. विचार चांगला आहे, पण तो केला आहे पगारी संगणक विभाग असलेल्या कचेऱ्यांसाठी. दुरुस्ती तिकडून सुटते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. बुधवारी सकाळी अक्कलकोट रोडच्या एखाद्या कारखान्यात दिवाणजी संगणक लावतात, तर पडद्यावर टक्के सरकत असतात आणि दारात टेम्पो बिलासाठी खोळंबलेला असतो.

विंडोज १० चा आधार संपला तो १४ ऑक्टोबर २०२५ ला, तोही दुसऱ्या मंगळवारीच. दिवाळी आठवड्यावर आली होती. चादरीच्या व्यापाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते असे ते दिवस. तारीख खूप आधी जाहीर होती, हे मान्य. जुनी आवृत्ती सांभाळत राहायला माणसे आणि पैसा लागतो, हेही मान्य. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे नीट चालणारे कितीतरी संगणक त्या दिवशी अधिकृतपणे निकामी ठरले. मायक्रोसॉफ्टने वर्षभर जादा सुरक्षा दुरुस्त्यांची सोय ठेवली खरी, पण ती हवी तर मागून घ्यायची.

कधी तारीख कंपनीच्याही हातात नसते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या टॅलीला त्यासाठीची आवृत्ती द्यावीच लागली. नोव्हेंबर २०२० मधले टॅलीप्राइम मात्र कंपनीने स्वतः ठरवलेले होते. त्यात मेनूची मांडणी बदलली. नोंदी करणाऱ्याचे हात कळांवर न बघता चालतात. तो सराव मोडला की दिवसाचे काम दीड दिवसाचे होते. हा खर्च कंपनीच्या कुठल्याच वहीत चढत नाही.

पंचांगाच्या इतिहासात याहून मोठा बदल झालेला आहे. गणेश दैवज्ञांचा १५२० चा ग्रहलाघव हा ग्रंथ शतकानुशतके आधाराला होता. आकाशातले ग्रह आणि त्यातले गणित यांत हळूहळू अंतर पडत गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नवी कोष्टके दिली, पुढे लोकमान्य टिळकांनी आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी हा प्रश्न लावून धरला. जुने-नवे गणित कितीतरी वर्षे शेजारी-शेजारी चालले. तिथीवरून वाद झाले, दोन घरांचे सण वेगवेगळ्या दिवशी आले. ते नुकसान खरेच होते. पण ज्याने गणित बदलले, त्याने पटल्यावर बदलले.

सुरक्षेच्या भोकाला इतकी सवड देता येत नाही. चोर दिवाळी संपायची वाट बघत नाही. तरी घाईलाही शिस्त हवी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची सदोष दुरुस्ती एकाच वेळी सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आधी थोड्यांना देऊन पाहिले असते तर ते तिथेच कळले असते.

माझा आक्षेप आहे तो सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपातला बदल या दोन्ही गोष्टी एकाच पुडक्यात बांधण्याला. भोक बुजवायचे असेल तर आज बुजवा, त्यासाठी बटणांच्या जागा हलवायची गरज नाही. रूप बदलायचे असेल तर नवे रूप काही महिने आधी हातात द्या, जुने चालू ठेवा, आणि मार्चअखेर व दिवाळीआधीचे आठवडे सोडा. पंचांग पाडव्याच्या कितीतरी आधी दुकानात येते, ते लोकांना आपले बेत आखता यावेत म्हणूनच.