म्हाइंभटाची पायपीट

मलकापूर स्टेशनवर उतरून बुलढाण्याला जायचं तर घाट चढावा लागतो. जिल्ह्याच्या मुख्यालयाला आजही रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्याकडे नवा माणूस भेटला की आधी विचारतात, तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? अशा जिल्ह्यात माहितीप्रणाली शिकवणारा प्राध्यापक जगाशी कसा जोडला जातो, हा प्रश्न मला फार दिवसांपासून छळतो आहे.

मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला डॉ. वि. भि. कोलते यांचं नाव आहे. संगणक शिकवणाऱ्या इमारतीला पोथ्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव! काहींना ते विजोड वाटतं. मला मात्र याहून जुळणारं नाव सुचत नाही.

कोलते 1908 साली मलकापूर तालुक्यातल्या नरवेलला जन्मले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं खरं काम महानुभाव पंथाच्या वाङ्मयाचं. या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत होत्या आणि मठांत जपून ठेवलेल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधली. पण किल्ली हाती आली म्हणून कुणी कपाट उघडून देत नाही. त्यासाठी महंतांसमोर बसावं लागतं, पुन्हा पुन्हा जावं लागतं, पोथी जशी घेतली तशी परत करावी लागते. अनेक हस्तलिखितं ताडून 1978 साली कोलत्यांनी संपादिलेलं पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींचं चरित्र, ‘लीळाचरित्र’, आलं ते या वाटेनं. पुढे त्याच आवृत्तीवर पंथातून तीव्र आक्षेप आले. विश्वासाने मिळालेली माहिती छापताना ती ज्यांची आहे त्यांचं मन कुठवर सांभाळायचं, हा पेच तेव्हा सुटला नाही आणि माहितीप्रणालीच्या आजच्या अभ्यासकालाही तो सुटलेला नाही.

‘लीळाचरित्र’ कसं घडलं तेही पाहा. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे गेले आणि एकेक आठवण विचारून घेतली. या आठवणींत, म्हणजे लीळांत, आमचं लोणार आहे, मेहकर आहे. मूळ ग्रंथ पुढे धाडीत नाहीसा झाला आणि शिष्यांनी तो आठवणीतून पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे अनेक पाठ आहेत. एकाच प्रसंगाची दुसरी हकिकत मिळाली तर तीही टिपलेली असते. माहिती गोळा करणं, पडताळणं, अनेक ठिकाणी जतन करणं, फरक न लपवणं, हे सगळं तेराव्या-चौदाव्या शतकांत मराठी माणसांनी केलं, तेही पायी हिंडून. म्हाइंभटांचं हे काम एकट्याने होण्यासारखं नव्हतं. माणसं त्यांच्याशी जोडली गेली ती त्या कामापायी.

माझा मुद्दा एवढाच आहे. प्राध्यापकाची बिरादरी ओळखीतून उभी राहत नाही. हातातलं काम एकट्याला पेलेनासं झालं की ती उभी राहते.

शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकेतल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश याचीच साक्ष देतो. तुळपुळे 1994 साली गेले, कोश 1999 साली प्रकाशित झाला. आज शिकागो विद्यापीठाच्या संगणकावर तो कुणालाही पाहता येतो. मलकापूरच्या फलाटावर बसून मोबाइलवर ‘लीळाचरित्रा’तला शब्द शोधावा आणि अर्थ शिकागोहून यावा, यातलं अंतर यंत्राने मिटवलं. पण ज्याच्यासाठी ते मिटवायचं तो कोश दोन अभ्यासकांनी आधी घडवून ठेवला होता.

देशातलं संगणकांचं जाळंही शिक्षक-संशोधकांच्या गरजेतून विणलं गेलं. 1986 साली ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला. आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा मोजक्या संस्था त्यात होत्या, आणि मुंबईच्या केंद्राची धुरा श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होती. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 रोजी. त्याआधीची कित्येक वर्षं ते जाळं एका प्रयोगशाळेचा प्रश्न दुसरीकडे पोचवत होतं.

मग हे सहकार्य बिघडलं कुठे? माझ्या मते मोजणीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण लावले. मुख्य लेखक आणि मार्गदर्शक यांना मिळून 60 टक्के, उरलेले 40 टक्के बाकीच्या सहलेखकांत समान. शेताच्या वाटणीसारखं सहकार्याचं क्षेत्रफळ ठरलं. ज्याने एक ओळही लिहिली नाही त्याचं नाव निबंधावर चढताना मी पाहिलं आहे, आणि गावोगाव फिरून प्रश्नावली भरून आणणाऱ्या मुलीचं नाव गळतानाही. म्हाइंभटांच्या परंपरेत सांगणाऱ्याचं नाव राहतं. आपल्याकडून ते पुसलं जातं, याची मला लाज वाटते.

माहितीप्रणालीच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद 1980 पासून भरते. 2023 च्या डिसेंबरात ती हैदराबादला भरली. तिथे बुलढाण्याच्या प्राध्यापकाने काय घेऊन जावं? मोठ्या विद्यापीठातला प्रश्न उसना नेला तर तो तिथे शेवटच्या रांगेत बसणार. स्वतःच्या पायाखालचा प्रश्न नेला तर माणसं त्याला शोधत येतील. लोणार सरोवर 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, तेव्हा नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत आणि नागपूरच्या नीरीत गेले आणि खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचं कारण पुढे आलं. प्रश्न लोणारचा होता, म्हणून सगळ्यांना लोणारकडे वळावं लागलं.

आमच्या विषयाचं लोणार म्हणजे ई-पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच बांधावर उभं राहून मोबाइलमध्ये पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा, असं ठरलं. पूर्वी हे तलाठी करत. आता सोयाबीनमध्ये तुरीचे तास असले तर फोटो कशाचा? रेंज नसलेल्या शेतातून नोंद कशी जाते? ज्या बाईच्या नावावर सातबारा आहे पण हातात फोन नाही, तिच्या वतीने बटण कोण दाबतं, आणि पुढे विमा किंवा अनुदान अडलं तर ती कुणाला विचारते? माणूस, कागद आणि यंत्र यांच्यातली ही ओढाताण म्हणजेच माहितीप्रणालीचा गाभा. तिचा अभ्यास एका विभागाच्या आवाक्यातला नाही. त्याला कृषी सहायक हवा, तलाठी हवा, संख्याशास्त्र जाणणारा हवा, त्या बाईशी मोकळेपणी बोलू शकणारी विद्यार्थिनी हवी आणि दूरच्या देशात असाच गुंता पाहिलेला कुणीतरी हवा.

यंदाच्या पावसाळ्यात निवृत्तीनंतर प्रथमच मी तीन विद्यार्थ्यांबरोबर मोताळ्याकडच्या शेतांत हिंडलो. एका आजीने नोंदीची सगळी हकिकत सांगितली. तिचा नातू मध्येच म्हणाला, असं नाही झालं, आजी. आम्ही दोन्ही हकिकती लिहून घेतल्या, दोघांना वाचून दाखवल्या आणि खाली दोघांची नावं ठेवू का, असं विचारलं. आजी म्हणाली, माझं आधी लिहा.