ज्या घरी पुस्तक एकच

मुलांस शाळेत न धाडता घरीच शिकवावे काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच निघतो. अमेरिकेत मात्र लक्षावधी मुले घरीच शिकतात. आई हीच शिक्षिका आणि जेवणाचे मेज हीच शाळा. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांचे आप्त त्या देशी स्थायिक असल्याने तेथील घरांत काय चालते याविषयी आपणांस थोडेफार कुतूहल असतेच. या घरी शिकविणाऱ्यांत श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबांचा भरणा मोठा आहे. लहान मुलांस विज्ञान शिकवावे, परंतु ते ईश्वराने सृष्टी निर्मिली या भावनेशी जुळणारे असावे आणि पुस्तक खिशास परवडणारे असावे, अशी त्यांची इच्छा असते. या साध्या इच्छेच्या पोटात एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

या कुटुंबांचे मन सरकारी शाळांवरून एका दिवसात उडालेले नाही. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल खटला झाला व त्यास १०० डॉलर दंड ठोठावण्यात आला. पुढे काळ फिरला. १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील बायबलपठणाचा परिपाठ घटनाबाह्य ठरविला, १९६८ साली उत्क्रांतिवाद शिकविण्यावरील बंदी रद्द केली, आणि १९८७ साली उत्क्रांतिवादाच्या जोडीस 'निर्मिति-विज्ञान' शिकविलेच पाहिजे असा लुइझियाना राज्याचा कायदाही मोडीत काढला. शाळेचा दरवाजा आपल्या श्रद्धेस बंद झाला, अशी त्या आईबापांची समजूत झाली. आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर झाल्यावर त्यांस दुसरी वाट मोकळी झाली.

त्यांच्या भीतीस हसणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नव्हे. विज्ञानाचे काही लेखक आपल्या शास्त्राची वेस ओलांडून, जग आपोआप झाले आहे व त्यास कर्ता नाही, हेही जणू प्रयोगशाळेत मोजून झाले असल्याच्या थाटात सांगतात. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती असे पुस्तक पडू नये असे आईस वाटले तर तिला दोष कोणी द्यावा? शिवाय आपली श्रद्धा अपत्यास देणे हा आईबापांचा अधिकार आहे, आणि आम्हां पुजाऱ्याच्या घरी वाढलेल्यांनी तो नाकारावा हे तर शोभणारही नाही.

अडचण उभी राहते ती पुस्तकांपाशी. १९६१ साली व्हिटकोंब आणि मॉरिस या दोघा लेखकांनी 'द जेनेसिस फ्लड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वीचे वय काही थोड्या सहस्र वर्षांचेच आहे आणि तिच्या पोटातील थर बहुतांशी नोहाच्या जलप्रलयात साचले, असे त्याचे प्रतिपादन. बाजारातील मुलांच्या निर्मितिवादी विज्ञानपुस्तकांपैकी पुष्कळशी याच विचाराच्या वळणावर चालतात. त्यांतील फुलांची, पक्ष्यांची, ताऱ्यांची माहिती अनेकदा चांगली असते, चित्रे सुरेख असतात, भाषा प्रेमळ असते. मग एखाद्या पानावर ईश्वराच्या गौरवाच्या जोडीने पृथ्वीचे वय येते, आणि तेही त्याच स्वरात सांगितलेले असते.

एक उदाहरण घेऊ. ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या तळाशी जो खडक उघडा पडला आहे, त्यास भूशास्त्रज्ञांनी 'विष्णू' हे नाव दिले आहे. आपल्या वाचकांस याची गंमत वाटेल. त्याचे वय सुमारे १७५ कोटी वर्षे मोजले गेले आहे. त्याच्या पुष्कळ वर, थरांच्या चळतीत, वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूचा एक जाड थर आहे आणि त्यात लहान प्राण्यांच्या पावलांचे ठसे उमटलेले आहेत. खाली थर, वर थर, आणि मध्ये वाळवंटातील टेकाडे. हे सर्व एकाच महापुरात साचले असेल, तर पुराच्या ऐन भरात कोरडी वाळू कोठून आली आणि तिजवरून प्राणी चालले कसे, हा प्रश्न आठ वर्षांचे मूलही विचारील. निर्मितिवादी लेखकांनी त्यास उत्तर योजून ठेवले आहे: ते ठसे पाण्याखालचे आहेत. मूल ते उत्तर स्वीकारते, कारण आई ते वाचून दाखविते आणि ताडून पाहावयास घरात दुसरे पुस्तक नसते.

येथेच किमतीचा प्रश्न नीतीचा प्रश्न होतो. आई शिकविण्यास घरी बसली की बहुधा एकाच्याच मिळकतीवर संसार चालतो. मुले तीन-चार. प्रत्येक विषयाचे पुस्तक, प्रत्येक मुलास निराळी वही, आईसाठी उत्तरांची पुस्तिका, असा तो थाट असतो आणि खर्च पाहता पाहता वाढतो. संपन्न घरी फळीवर दहा पुस्तके असतात. एकाने चूक सांगितली तर दुसरे ती दुरुस्त करते. गरीब घरी पुस्तक एक. ते थोरल्याकडून धाकट्याकडे जाते आणि पाचसहा वर्षे त्या घरचे सारे विज्ञान तेच असते. तेव्हा ज्यास पैसा बेताचा, त्याने पुस्तक अधिक कसोशीने पारखावे लागते. प्रकाशक आपल्या पंथाचा आहे, एवढ्याने ती पारख होत नाही.

आणि चूक झाल्यास तिचा भार कोणावर पडतो? मूल अठराव्या वर्षी महाविद्यालयात जाते, खडकांचे वय कसे मोजतात हे स्वतः पाहते, आणि आईने सांगितलेले आकडे खोटे होते असे त्यास कळते. ज्या पानावर ते आकडे होते त्याच पानावर ईश्वर होता. दोहोंची गाठ आईनेच बांधून दिलेली. आता एक तुटताना दुसरे शाबूत कसे राहणार? ही धास्ती काही नास्तिकांनी काढलेली नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन याने 'उत्पत्ति' ग्रंथावर भाष्य लिहिताना स्वधर्मीयांस बजावले होते की, तारे, ऋतू, प्राणी यांविषयी तुम्ही शास्त्राच्या आधारे अज्ञानाचे काही बोललात, तर ऐकणारे तुमच्या शास्त्रासच हसतील.

आपण मात्र या ठिकाणी फार समाधान मानू नये. आमच्या घरी रोजच्या पूजेच्या संकल्पात कल्पाचा आणि मन्वंतराचा उच्चार होतो. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचे मोजलेले वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचे. आकडे जवळ आले म्हणून आपल्यांतील पुष्कळांस हर्ष होतो व ते मुलांस तसे सांगतातही. तो योगायोग विज्ञान म्हणून मुलाच्या गळी उतरविणे ही त्याच जातीची गोष्ट आहे, आकडा केवळ मोठा एवढेच. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा कर्ता तर सृष्टी कोठून झाली हे तिच्या अध्यक्षासही ठाऊक असेल की नसेल, येथवर येऊन थांबला.

तर मग त्या अमेरिकन आईने करावे काय? आमचे मत असे की, निर्मितीची कथा तिने आपल्या तोंडाने, आपल्या प्रार्थनेच्या वेळी, आपली श्रद्धा म्हणून सांगावी. आणि विज्ञानाचे पुस्तक मुलास पाहावयास शिकविणारे घ्यावे. अशी पुस्तके आहेत, आणि कित्येक फुकट आहेत. ॲना कॉमस्टॉक या कॉर्नेल विद्यापीठातील विदुषीचे 'हँडबुक ऑफ नेचर स्टडी' १९११ साली निघाले. त्या आवृत्तीवरील स्वामित्वहक्क संपला असल्याने ती कोणासही विनामूल्य मिळते. त्यातील पाठ प्रश्नांवर उभारलेले आहेत: पान कसे आहे, कीटक कोठे बसला, फूल रात्री मिटते काय. मुलास अंगणात जावेच लागते.

दुसरे नाव एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाचे. हा गृहस्थ निष्ठावंत ख्रिस्ती, आणि डार्विनचा अमेरिकेतील पहिल्या प्रतीचा पुरस्कर्ता. त्याचे मुलांसाठी लिहिलेले 'हाउ प्लँट्स ग्रो' हे पुस्तक १८५८ सालचे. त्याचा आरंभच ख्रिस्ताने सांगितलेल्या रानातील कमळांच्या दाखल्याने होतो, आणि लगेच ती वाढतात कशी हे पाहण्याकडे तो मुलास वळवितो. श्रद्धा आहे, परंतु आकड्यांवर तिचे ओझे नाही. दोन्ही पुस्तके जुनी असल्याने वनस्पतींची काही शास्त्रीय नावे बदलली आहेत आणि पेशींविषयीची माहिती अपुरी आहे, तेवढी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून एखादे नवे पुस्तक आणून आईने भरून काढावी. तेथेही पैसे पडत नाहीत.