लवकर आणि स्वस्त

सूर्या धरणाचे पाणी मीरा-भाईंदरला आणणाऱ्या योजनेचे काम वर्सोवा खाडीलगत ससूनवघर इथे सुरू होते. २९ मे २०२४ च्या रात्री तिथल्या खोल शाफ्टमध्ये भिंत आणि माती ढासळली. पोकलेन चालवणारा कामगार यंत्रासकट गाडला गेला. एनडीआरएफपासून लष्करापर्यंत सगळ्यांना बोलावले गेले; शोध दिवसेंदिवस चालला.

एमएमआरडीएच्या या योजनेतले रोजचे २१८ दशलक्ष लिटर पाणी आपल्या शहरासाठी आहे. तहान खरी आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या घराला धीर धरा म्हणणे सोपे नाही. अपघाताचे कारण ठरवणे हे तपास यंत्रणांचे काम. पण पाणी कधी येणार, हे आपण प्रत्येक सभेत विचारतो. त्यासाठी खड्ड्यात उतरलेला माणूस सुखरूप वर कसा येणार, हे किती जण विचारतात?

१९४८ चा कारखाने अधिनियम कारखान्यांपुरता असला, तरी याबाबत मोघम बोलत नव्हता. फिरत्या यंत्राला जाळी, खड्ड्याला झाकण किंवा कुंपण, उंचावर काम करणाऱ्याला पडण्यापासून संरक्षण, ही जबाबदारी तो कारखाना चालवणाऱ्यावर टाकत होता. माणूस दमतो, लक्ष उडते, तेलकट फरशीवर पाय घसरतो, हे त्यात गृहीत धरलेले होते. पाय घसरला तरी जीव वाचावा, अशी जागा करून देणे मालकाचे काम. आपण मात्र माणूस पडला की पहिल्यांदा विचारतो, ‘बेल्ट लावला होता का?’ बेल्ट अडकवायला हूक होता का, हे विचारायचे राहूनच जाते.

मोठ्या ठेकेदारांवर आपला जोर चालत नसेल. सोसायटीत तर चालतो. रंगकामाची कोटेशने येतात, सर्वांत कमी आकडा मंजूर होतो. तो कमी कसा झाला? रंगाचे भाव तर सगळ्यांना जवळपास सारखेच. मग कात्री लागते ती मजबूत परांची, जाळी आणि मजुराच्या विम्याला. हा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्यावा, त्यात घासाघीस करू नये, आणि यातले काही नसताना काम सुरू झाले तर ते थांबवावे. चार दिवस उशीर होईल, पैसे थोडे जास्त जातील. इमारत आपली आहे, तर हा खर्चही आपलाच.