निर्माल्य

सकाळी पूजेला बसलेला गृहस्थ आधी हात घालतो तो कालच्या फुलांना. झेंडू कोमेजलेला असतो, बेलाचे पान कडेने काळवंडलेले असते, दूर्वा वाळून पिवळ्या पडलेल्या असतात, आणि तरी घरातले लहान मूलदेखील ती फुले उचलून केराच्या सुपलीत टाकत नाही. ती एका परडीत वेगळी ठेवली जातात आणि त्यांना आपण निर्माल्य म्हणतो. माल्य म्हणजे माळ. देवाच्या अंगावरून उतरलेली माळ ती निर्माल्य, असा सरळ अर्थ आहे. पण वाचकहो, या शब्दाच्या पोटात आणखीही काही आहे, आणि ते हळूहळूच हाती लागते. उतरवलेल्या फुलाचा उपयोग संपलेला असतो, त्याच्याशी असलेले आपले नाते मात्र संपलेले नसते. ते कुठे जाणार, कोणाच्या पायाखाली येणार, कशात मिसळणार, याची काळजी पूजा करणाऱ्यालाच वाहावी लागते, आणि ती वाहून होईपर्यंत पूजा पुरी झाली असे जुनी माणसे मानत नसत.

आता हाच शब्द देवघरातून स्वयंपाकघरात आणून पाहावा. जेवणाला यज्ञ आणि पोटातल्या अग्नीला वैश्वानर म्हणणाऱ्या परंपरेत शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मेथीच्या काड्या, कांद्याची सालपटे, गाळणीतली चहापत्ती, ताटात उरलेला भाकरीचा तुकडा हे सारे त्या यज्ञाचे निर्माल्यच होय. देवाला वाहिलेले फूल आणि आपल्यासाठी खुडलेली भाजी एकाच मातीतून आलेली असतात, दोघांनाही त्याच मातीत परत जायचे असते, आणि ती वाट अडवू नये एवढेच आपल्याकडे मागणे आहे. पण सकाळी दारात घंटागाडी येते तेव्हा आपण एकच बादली घेऊन बाहेर पडतो, तिच्यात ही सालपटे, दुधाची पिशवी, संपलेल्या औषधी गोळ्यांची पाकिटे, बाळाचे डायपर आणि फुटलेल्या बांगडीची काच एकत्र असते, आणि त्या एका ओतण्याने सगळ्यांच्याच वाटा बंद होतात.

हे कसे घडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. ओल्या पदार्थाला हवा, बेताचा ओलावा आणि थोडा पालापाचोळा मिळाला की डोळ्यांना न दिसणारे जीव कामाला लागतात, ढीग आतून हाताला चटका बसावा इतका तापतो आणि दोन-तीन महिन्यांत त्याचे काळे, मातीच्या वासाचे खत होते. तेच पदार्थ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकले, की आत हवा पोहोचत नाही. मग ते सडतात, त्यातून मिथेन वायू सुटतो, उन्हाळ्यात कचरा डेपो पेट घेतात ते बरेचदा याच वायूमुळे, आणि पावसाळ्यात त्या ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. शेजारी पडलेल्या वर्तमानपत्रावर वरण सांडले, की रद्दीवाला ते हातात घेत नाही. म्हणजे ओल्याने सुके नासते आणि सुक्याने ओले अडते. दोन्ही आपापल्या जागी संपत्ती होती, एकत्र येताच दोन्ही कचरा झाली. निर्माल्य वेगळ्या परडीत ठेवण्याची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांनी या वेगळेपणातच पावित्र्य पाहिले होते, असे मला मनापासून वाटते.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला हे निरूपण अधिक जवळचे असावे, कारण तुळजाभवानीच्या पायाशी दररोज जेवढे निर्माल्य उतरते तेवढे फार थोड्या गावांत उतरत असेल. शारदीय नवरात्रात आणि त्यानंतरच्या अश्विनी पौर्णिमेला सोलापूरच्या वाटेने रात्रभर पायी चालत येणारा भाविक पाहावा. त्याच्या श्रद्धेला तोड नाही, आणि वाटेवर त्याला जेवू घालणाऱ्याच्या पुण्याईलाही नाही. पण त्याच वाटेच्या कडेला सकाळी थर्माकोलच्या पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या आणि कुंकवाच्या रिकाम्या पुड्या पसरलेल्या दिसतात. पळसाच्या पानाची पत्रावळ जेवण झाल्यावर उकिरड्यावर गेली की पुढच्या पावसापर्यंत तिचे खत होई. तिला निर्माल्य म्हणता येत होते. थर्माकोलची पत्रावळ निर्माल्य होऊच शकत नाही, कारण तिला परत जायला माती नाही. देवीसाठी घेतलेला हार हातात धरून नीट पाहिला, तर पुष्कळदा झेंडूच्या आत नायलॉनचा दोरा आणि मधे चमकीचा प्लास्टिक गोंडा असतो. त्या एका दोऱ्यामुळे पाटीभर फुले खताला नालायक ठरतात.

निर्माल्य पाण्यात सोडण्याची रीतही तपासून घ्यावी लागेल. वाहत्या पाण्यात वाहावे, हे त्या सांगण्यातले खरे मर्म, आणि आपली तेरणा वाहते ती पावसाळ्यातले थोडे महिने. एरवी आपल्याकडे पाणी असते ते विहिरीत, बारवेत नि तलावात साठलेले, आणि टंचाईच्या वर्षी टँकरसुद्धा तिथेच भरतात. साठलेल्या पाण्यात कुजणारी फुले पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. अशा दुष्काळी मुलखात पाण्याऐवजी मातीला केलेले विसर्जन हेच शास्त्राला धरून आहे.

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीला जाणारे बहुतेक जण तिथल्या पांढरीच्या टेकाडांकडे फारसे पाहत नाहीत. प्राचीन काळी तगर म्हणून रोमन जगापर्यंत ठाऊक असलेल्या या नगराची कथा संशोधकांनी जोडली ती खापरांवरून, मण्यांवरून, शंखाच्या तुकड्यांवरून. त्यातले पुष्कळसे त्या काळच्या गृहिणीने फुटले म्हणून टाकलेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांनी टाकले ते बहुतेक मातीचेच होते, मातीत मुकाट राहिले आणि आज लामतुरे संग्रहालयात आपण ते आदराने पाहतो. आपण मागे ठेवतो आहोत त्या पिशव्या गाई गिळतात. शिळ्या भाकरीच्या वासाने पिशवीसकट घास घेतलेल्या जनावराच्या पोटातून प्लास्टिकचे गोळे निघतात, हे जनावरांच्या कोणत्याही डॉक्टरला विचारावे. जी उस्मानाबादी शेळी या जिल्ह्याचे जुने नाव देशभर मिरवते, तिच्याही तोंडी याच पिशव्या येतात.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा निर्माण होतो तिथेच वेगळा करण्याचे कर्तव्य घराघरावर टाकले. मला या नियमात निर्माल्याचाच अर्थ दिसतो, कारण त्यात जबाबदारी देणाऱ्यावर आहे, उचलणाऱ्यावर नाही. आपण वेगळे केले नाही, तरी कोणीतरी वेगळे करतेच, आणि ते हातांनी करते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिच्यातल्या कितीतरी बाया मराठवाड्याच्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या घरांतल्या आहेत. आपल्याच लेकीसुना त्या. ज्या हातांनी समाजाची घाण उचलली, त्याच हातांना शिवायचे नाही असे आपल्या समाजाने शतकानुशतके मानले, आणि हे पाप कोणत्याही पूजेने झाकले जाणार नाही. गाडगेबाबांनी कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडले, तेव्हा त्यांनी या पापाला थेट उत्तर दिले होते. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला आणि जिथे डेपोची दुर्गंधी होती तिथे लोक सहलीला येऊ लागले. ते गाव आपल्यापेक्षा श्रीमंत होते म्हणून हे झाले नाही. तिथे घरोघरी वेगळे ठेवले गेले.

म्हणून एवढे करावे, ही विनंती. तुळजापूरला ओटी न्याल ती कापडी पिशवीत न्या, हाराचा दोरा सुताचा मागून घ्या. घरी दोन डबे ठेवा, दुधाची पिशवी विसळून सुक्या डब्यात टाका. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. आणि काच फुटली, किंवा घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर ती काच जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, ती सुई भोक न पडणाऱ्या टणक डब्यात बंद करून, वर ठळक अक्षरांत लिहून, गाडीवरच्या ताईंच्या किंवा दादांच्या हातात सांगून द्या.