धावणाऱ्यास काळ अधिक मिळतो काय?

मनुष्यास पैसा कमी पडला तर तो कर्ज काढतो, धान्य कमी पडले तर शेजाऱ्याकडून पायलीभर आणतो. पण काळ कमी पडला तर कोणाच्या दारी जावे? म्हणून मनुष्य वेगाच्या मागे लागला. बैलगाडी गेली, मोटार आली. मोटार हळू वाटू लागली, विमान आले. ‘तेवढाच वेळ वाचतो’ हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी बसले आहे. त्यात आता शाळेतली मुलेही सांगतात की, जो फार वेगाने जातो त्याचा काळच हळू चालतो. हे ऐकून दोन शंका येतात. पहिली, हे खरे काय? दुसरी, खरे असेल तर धावणाऱ्याचे आयुष्य वाढते काय? वाचकहो, या दोन शंकांचा आज थोडा विचार करू.

पहिलीचे उत्तर, होय, हे खरे आहे. १९०५ साली आईन्स्टाईन यांनी ते मांडले. त्यातील वर्म समजण्यास फार गणित नको. एक आरसा खाली व एक वर ठेवला आहे आणि त्यांच्यामध्ये उजेडाचा एक ठिपका वरखाली जातो आहे, असे समजा. एक फेरी झाली की एक टिचकी. हे झाले आपले घड्याळ. ते आगगाडीत ठेवले. गाडीतल्या मनुष्यास ठिपका सरळ वरखाली जाताना दिसेल. पण फलाटावरच्या मनुष्यास? ठिपका वर पोचेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते. म्हणून त्याला ठिपक्याची वाट तिरपी दिसेल, आणि तिरपी वाट सरळ वाटेहून लांब असते. गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूस गाडीचा वेग मिळतो. उजेडाचे तसे नाही. त्याचा वेग सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर. गाडीतल्यासही तेवढाच आणि फलाटावरच्यासही तेवढाच. वाट लांब आणि वेग तोच, मग वेळ अधिक लागणारच. म्हणून फलाटावरून पाहता गाडीतले घड्याळ मंद चालते.

कोणी म्हणेल, हा दोष त्या आरशांच्या घड्याळाचा असेल. तसे नव्हे. आरशांचे घड्याळ मंद आणि मनुष्याची नाडी मात्र पूर्ववत असे झाले असते, तर खिडक्या लावून बसलेल्यासही दोन्ही ताडून पाहता आपली गाडी चालली आहे हे कळले असते. पण संथ, एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीत हे आतल्या आत ओळखण्याची सोय सृष्टीने ठेवलेलीच नाही. म्हणून घड्याळ, नाडी, श्वास, दिव्यातले तेल, सारे एकाच मापाने मंदावते.

आता प्रत्यक्ष प्रमाण. आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे सूक्ष्म कण जन्मास येतात. त्यांचे आयुष्य, सेकंदाचे दहा लाख भाग केले तर सरासरी २.२ भाग. एवढ्या वेळात उजेडाच्या वेगाने धावले तरी सुमारे ६६० मीटर अंतर कापले जाईल. असे असून ते भूमीपर्यंत येऊन पोचतात! मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा यांनी १९३८ सालीच दाखवून दिले होते की, असा अल्पायुषी कण म्हणजे एक घड्याळच होय, आणि वेगात असताना त्याचे आयुष्य लांबलेले दिसले पाहिजे. पुढे फ्रिश व स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन पर्वतावर, सुमारे १,९०० मीटर उंचीवर, तासाला ५६० च्या आसपास म्युऑन मोजले. तेवढे खाली उतरेपर्यंत बहुतेक नाश पावून तीसदेखील उरू नयेत असा साधा हिशेब होता. समुद्रसपाटीजवळ मोजले, तो चारशेच्या वर निघाले. आज आपल्या मोबाईलला रस्ता दाखविणाऱ्या उपग्रहांतील घड्याळेही वेगामुळे दिवसाला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे ७ भाग मागे पडतात. उंचीमुळे ती सुमारे ४५ भाग पुढेही जातात. हा हिशेब धरला नाही तर दाखविलेला रस्ता चुकेल.

आता दुसरी शंका, आणि खरी गोम येथेच आहे. त्या म्युऑनास विचारता आले असते की, ‘बाबा, तुला आयुष्य अधिक मिळाले काय?’ तर तो म्हणाला असता, ‘छे हो, मी माझे २.२ भागच जगलो. मला तर तुमचा पर्वतच आखूड दिसला!’ त्याच्या पदरी एक क्षणही जास्त पडलेला नाही. हळूपणा दिसतो तो पाहणाऱ्यास. जगणाऱ्याचा क्षण नेहमीच्याच क्षणाएवढा असतो.

मग खरा काळ कोणाचा? याचे उत्तर वारकऱ्यास समजावून सांगावे लागणार नाही. पुण्याहून माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, फलटण अशी जाते. तुकोबारायांची पालखी यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते. दोन्ही वाखरीस येतात. दोन्हींतल्या वारकऱ्यांनी पावले मोजली तर आकडे निराळे निघतील. कोणाचे मोजणे चुकले? कोणाचेच नाही, वाट निराळी म्हणून पावले निराळी. काळाचेही असेच आहे. दोन जुळे भाऊ एका ठिकाणाहून निघाले. एक घरी राहिला. दुसरा उजेडाच्या वेगाच्या चार-पंचमांश वेगाने दूर जाऊन तसाच परतला. घरच्याची १० वर्षे भरली, तर प्रवाशाची ६ च भरतील. दोघांचीही मोजणी खरी. भेद एवढाच की, रस्त्यावर सरळ वाटेस पावले कमी लागतात. काळाच्या हिशेबात जो न वळता एकाच गतीत राहिला, त्याची वर्षे अधिक भरतात.

येथे कोणास भागवतातील रैवत राजाची कथा आठवेल. तो कन्या रेवतीस घेऊन ब्रह्मलोकी गेला, क्षणभर थांबला, तो पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली. पण या कथेत वेगाची गोष्ट नाही. तेव्हा ‘हे आमच्या पुराणात होतेच’ असे म्हणण्याची घाई करू नये. काळाचे माप सर्वत्र एक नसेल, एवढी कल्पना आपणास परकी नाही, इतकेच म्हणावे.

आता त्या प्रवासी भावाकडे पुन्हा पाहू. तो चार वर्षांनी तरुण राहिला हे खरे. पण सहा वर्षांचे अन्न खाल्ले, सहा वर्षांचे श्वास घेतले, सहा वर्षांचेच काम त्याच्या हातून झाले. नफा कोठे आहे? उलट घरी आई दहा वर्षांनी थकली, भावाची मुले मोठी झाली, आणि त्यातली चार वर्षे याच्या हिशेबात कधी उगवलीच नाहीत. ती परत आणण्यास उपाय नाही, कारण वेगाने दुसऱ्याच्या पुढच्या दिवसांत जाता येते, मागच्या दिवसांत येता येत नाही. अहो, वेगाने काळ वाचत नाही. ज्यांच्यासोबत तो घालवायचा, त्यांच्यापासून मात्र तो तुटतो.

आपल्या पायांच्या वेगाने हा तुटावा किती? तासाला चार किलोमीटर चालून कोणी २४० किलोमीटर गेला, तर केवळ त्या चालण्यामुळे, सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातील दीड भाग, एवढाच फरक घरी बसलेल्यापासून पडेल. तो कोणाच्या ध्यानीही येणार नाही. परंतु घाईच्या संसारात, एकाच घरात राहून, बाप-लेकांची गाठ महिना महिना पडत नाही. तो तुटावा याहून कितीतरी मोठा, आणि त्यास शास्त्रज्ञाचे घड्याळही लागत नाही. दिंडीत म्हाताऱ्याच्या चालीने तरणाही चालतो, म्हणून दोघांचा दिवस एक होतो. ज्याच्याबरोबर काळ काढावयाचा, त्याच्या चालीने चालावे, हेच यातून घेण्यासारखे आहे. अस्तु.