गॅलरी बाळकुमची, बाग हेरफर्डशायरची

कुंडी उलटी करा. इथेच, टेबलावर, वर्तमानपत्र पसरून. संकोच नको, सगळ्यांना बघू दे.

दिसलं? मुळं काळी पडलीत. चिमटीत धरून ओढली तर साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वास घ्या. कुंडीला तळाशी भोक आहे, पण त्याखाली तुम्ही बशी ठेवलीत आणि त्या बशीत जूनपासून पाणी साचलंय. हे लॅव्हेंडर रोगाने मेलेलं नाही, बुडून मेलंय. या पावसाळ्यात वर्गात आलेली ही चौथी कुंडी. चौघांचंही उत्तर एकच: "बाई, टीव्हीवर दाखवलं होतं."

काय दाखवलं होतं, ते नीट बघितलंत का? बीबीसीचा 'गार्डनर्स वर्ल्ड' 1968 पासून चालू आहे. मी तो आवडीने बघते, म्हणूनच बोलते. त्याचा निवेदक माँटी डॉन ज्या बागेत उभा राहून बोलतो ती लाँगमेडो हेरफर्डशायरमध्ये आहे, 52 अंश उत्तरेला. तिथे वर्षभरात मिळून सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे ठाण्यात तेवढा एकट्या जुलैत सहज पडतो. तिथे 'भरपूर ऊन हवं' म्हणतात ते तिरपं, मऊ ऊन. बाळकुमच्या पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिलच्या दुपारी कुंडीला हात लावून बघा, चटका बसतो. लॅव्हेंडर भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं झाड. त्याला चार महिने ओल्या कोकोपीटमध्ये उभं केलंत आणि वर शेणखताचा हात मोकळा सोडलात. ट्यूलिपचे कंद मागवणाऱ्यांनीही ऐकावं. त्या कंदाला फुलायला तीन-चार महिने कडाक्याची थंडी लागते. ती तुम्ही कुठून देणार?

लाकडी फळ्यांबद्दल तर मला मनापासून राग आहे. 1997 मध्ये तिकडे 'ग्राउंड फोर्स' सुरू झाला. दोन दिवसांत कुणाच्यातरी परसाचं रूप पालटायचं, असा तो कार्यक्रम. त्यानंतर ब्रिटनभर घरामागे लाकडी डेक घालायची लाट आली. पण परस म्हणजे जमीन. पाणी मुरतं, ओझं धरणी पेलते. तुम्ही तेच चौदाव्या मजल्यावर केलंत. गॅलरीभर फळ्या ठोकल्या, पाणी जायची जाळी त्यांच्याखाली गाडली. जुलैत पानं आणि माती जाऊन जाळी तुंबली आणि तेराव्या मजल्यावरच्या आजोबांच्या पलंगावर छत ठिबकलं. त्यांची माफी मागितलीत का? कठड्याला लागून विटांचा वाफाही बांधलात. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, फूटभर खोल. हिशेब केलात? ओल्या मातीचा घनमीटर दीड टनाच्या पुढे जातो, म्हणजे तो वाफा जवळजवळ एक टनाचा. गॅलरी बांधणाऱ्याने ते ओझं धरलं होतं का, हे विचारायला एक फोन पुरला असता.

कार्यक्रमांना नावं ठेवू नका, दोष बघणाऱ्याचा आहे. माँटी डॉन आठवड्याच्या शेवटी काय करायचं ते सांगतो, म्हणजे त्या आठवड्यात, त्या हवेत. त्याच्या बागेतली बॉक्स नावाच्या झुडपाची कापीव कुंपणं बुरशीने गेली तेव्हा ती उपटून टाकावी लागली, आणि तेही त्याने लपवलं नाही. तेवढा भाग तुमच्यापैकी एकालाही आठवत नाही. फुलं मात्र पाठ आहेत.

तुमच्या आईवडिलांनी मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' बघितलं. शेत नसलेल्या घरांतही ते लागायचं. शेतकरी कुठला, जमीन कसली, पाणी किती, हे तिथे आधी यायचं आणि पीक नंतर. तुम्ही पहिले तिन्ही प्रश्न गाळता आणि थेट नर्सरीत जाता.

इथलं उदाहरण हवंय? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 मध्ये बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा रोज समोर होता, तिथून सुरुवात झाली. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची पद्धत त्यांनी हाताशी धरली: दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळून ठेवायचं, मग दहापट पाणी घालून सुक्या पाल्यावर शिंपडायचं. हातात होतं त्यातून माती घडवली. तुमच्या घरात रोज भाजीची देठं निघतात, ती कचऱ्याच्या डब्यात, आणि माती मात्र ऑनलाइन विकत.

आणि बाळकुम गाव? टॉवरच्या भिंतीपलीकडे आगरी-कोळ्यांची जुनी घरं आहेत. काल मी तिथून चालत आले. एका पडवीपुढे जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा मांडव, त्यावर पडवळ. प्रत्येक पडवळाच्या टोकाला सुतळीने एकेक खडा बांधलेला, फळ वाकडं होऊ नये म्हणून. खाली प्लास्टिकच्या फुटक्या बादलीत मायाळू, बुडाला खिळ्याने पाडलेली सहा-सात भोकं. मी विचारलं, बी कधी टाकलं? मावशी म्हणाल्या, "मिरगाला." त्यांना ते कुणी पडद्यावर दाखवलेलं नाही. तुमच्या फाटकापासून पाच मिनिटांवर राहतात त्या. तुमच्यापैकी एकही जण त्यांच्याशी कधी बोललेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता पुढच्या रविवारचं. कुणीही रोप आणायचं नाही. वही आणायची. गॅलरीत ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, कुठल्या कोपऱ्यात, सात दिवसांची नोंद हवी. दिवस ढगाळ असेल तर तसं लिहा, अंदाजाने आकडे भरू नका, मला कळतं. बश्या आजच काढा. टोमॅटोची घाई नको, गणपती होऊ देत, मग बी टाकू. वालही तेव्हाच.

आणि तुम्ही, चौदाव्या मजल्यावरचे. घरी गेल्यावर चहाच्या आधी जाळीवरच्या फळ्या उचला. मग तेराव्या मजल्यावर जा.