लोपामुद्रेनं काय मागितलं?



आजचं चिंतन वनपर्वातलं, अगस्ती-लोपामुद्रेचं. आम्हा राजूरकरांना अगस्ती ऋषी घरचेच. खाली अकोले गावात, प्रवरेकाठी त्यांचा आश्रम. लहानपणापासून दर्शनाला जातोय, पण लोपामुद्रेचा विचार कधी केला नव्हता. तो या शनिवारी करावा लागला.

नवरा-बायकोची आवड एक असली की नातं घट्ट होतं, असं मी धरून चाललो होतो. म्हणून बायकोला पहाटेच्या पारायणाला बसवलं, हरिश्चंद्रगडावर नेलं, तेही तीनदा. ती आली. परवा गावी ओट्यावर चहा पिताना शांतपणे म्हणाली, "तुझ्या सगळ्या आवडी मी घेतल्या रे. माझी एक तरी तुला माहितीये का?"

मला उत्तर देता आलं नाही.

रात्री वनपर्व उघडलं. लोपामुद्रा विदर्भाची राजकन्या. अगस्तींच्या सांगण्यावरून तिनं भारी वस्त्रं, दागिने उतरवले, वल्कलं नेसली, गंगाद्वारी त्यांच्या बरोबरीनं तप केलं. आपल्या भाषेत, आवड शंभर टक्के शेअर! तरीही जवळ यायची वेळ आली तेव्हा ती हात जोडून सांगते, या वल्कलांत नको. माहेरी होती तशी शय्या हवी, दागिने हवेत, तुम्हीही सजा. ऋषी म्हणतात, तपोबलानं धन आणलं तर तप खर्च होईल. ती म्हणते, मग तप न मोडता आणा.

इतके दिवस वल्कलं चालली, आता काय झालं, असं ते विचारत नाहीत. उठतात आणि राजांच्या दारी जातात. तिथं जमाखर्च सारखाच निघतो, म्हणून काही घेत नाहीत. (ऑडिट करून दान नाकारणारा याचक!) शेवटी धन मिळतं ते इल्वलाकडून.

ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या १७९व्या सूक्तातही आधी तीच बोलते. वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबून थकले, म्हणते.

एकत्र केलेलं तप वाया गेलं, असं मी म्हणत नाही. पण तिच्या मनातलं त्या तपातून त्यांना कळलं नव्हतं. ते तिला बोलावं लागलं.

सकाळी बायकोला विचारलं. पारायण सोडायचं नाहीये, पण संध्याकाळी, स्वतःच्या वेळेला. रविवारी उशिरापर्यंत लोळत जुनी गाणी ऐकायचीत. गड नको.

पुढच्या महिन्यात पाचनईवरून मी एकटाच चढतोय.